चुलीमागची एक वीत

आये, तू गेल्यावर तुझ्या चुलीमागची मातीची आड, ती बुटकी भिंत, मी पाडली. मला कोणी पाडायला सांगितलं नव्हतं. दिवाळीला उधव्याला आपल्या घरी गेले, तुझ्या सुनेला त्या अरुंद जागेत अंग चोरून भाकऱ्या थापताना पाहिलं आणि मला शहाणपण सुचलं. डहाणूच्या बाजारात पत्र्याच्या दुकानात इतकी वर्षं काम करते. कुठल्या छपराला कुठला पत्रा लागतो ते गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत सांगते. तेव्हा आपल्या कारवीच्या काड्यांच्या कुडाला आगीपासून वाचवायला काय लागतं, हे मला कोण शिकवणार? शेणमातीची ती जाडजूड आड कुडापासून वीतभर पुढे उभी राहून उगाच जागा खाते, असं मी ठरवून टाकलं. दादाही म्हणाला, "तुझं रोजचंच काम आहे, तूच बघ." मग मी नवा कोरा पत्रा नेला, थेट कुडाला लावला आणि खिळे ठोकले. मागे फट राहू नये म्हणून दोनचार जास्तच ठोकले.

त्या फटीचं तू एकच कारण सांगायचीस, पिल्लांना ऊब लागते. कोंबडीची पिल्लं अंड्यातून निघाली की आड आणि कुडाच्या मधे तू त्यांना सोडायचीस. मला अजून दिसतंय ते. तू उकिडवी बसली आहेस, एका हाताने भाकरी फिरवते आहेस आणि दुसऱ्याने बाहेर आलेलं पिल्लू आत लोटते आहेस. एकदा मी तिथे वाळक्या काटक्या कोंबून ठेवल्या होत्या, पावसात भिजू नयेत म्हणून. तू हातावर अशी चापट मारलीस की बोटं लाल झाली. "पिल्लं कुठं बसतील, तुझ्या डोक्यावर?" मी रुसून दारात बसले, तेव्हा एक पिल्लू आणून माझ्या ओंजळीत ठेवलंस, हे तुझं म्हणालीस. आता घरात कोंबड्या नाहीत. पिल्लंच नाहीत तर फट कशाला, इतका सरळ माझा विचार. तुला खरं कारण ठाऊक होतं की नाही, ते मला आजही कळलेलं नाही. ठाऊक असेल तर सांगायचं होतंस. बघ, इथेही तुझ्यावरच ढकलते आहे.

होळीला मी पुन्हा घरी होते. सणाचं रांधणं, चूल सकाळपासून पेटलेली. दुपारी पत्र्यामागून धूर यायला लागला, आणि आम्ही बघेपर्यंत तो काळा झाला. वहिनीने मागचा पुढचा विचार केला नाही. तापलेला पत्रा दोन्ही हातांनी धरला आणि उपटून काढला. मागची कारवी आतल्या आत जळून कोळसा झाली होती, वारा लागताच भडकली. दादा आला, शेजारचे आले, पाणी मारलं, तेवढा कुड कोयत्याने तोडून बाहेर टाकला. छप्पर वाचलं. वहिनीच्या तळव्यांची कातडी सोलली गेली होती.

अंगणात एवढी माणसं उभी, आणि दादा तिच्यावर ओरडला. "चुलीतच होळी लावलीस काय? सणाच्या दिवशी घर जाळत होतीस." ती खाली बघत म्हणाली, "लाकूड जरा जास्त झालं." माझ्या हातात रिकामी बादली होती आणि पायाशी माझाच पत्रा पडला होता. मी काय म्हणाले, माहीत आहे? म्हणाले, "जाऊ दे दादा, होतं कधीकधी." जशी काही मीच तिला मोठ्या मनाने माफी देत होते. ते आठवलं की अजून कान तापतात, आये. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलता बोलता आठवतं आणि माझं बोलणं तुटतं.

दुसऱ्या दिवशी दादा कारवी आणायला गेला. वहिनीच्या हातांना फडकी बांधलेली, म्हणून माती मी मळली. माती, शेण आणि भाताचं तूस. ती उंबऱ्यावर बसून सांगत होती. आडीसाठी बांबू रोवायला घेतले तेव्हा हळूच म्हणाली, "ताई, कुडापासून एक वीत सोडा."

"कशाला? पिल्लं कुठं आहेत आता?" हिला काय काय कळलंय, ते मी चाचपून बघत होते. इतकी मी हलकी.

"पिल्लं नाहीत. पण पत्रा कुडाला चिकटला होता ना, आतून तापत गेला. मागं वारा खेळायला पायजे." मग फडक्यातल्या हातांकडे बघत म्हणाली, "त्यांना नका सांगू. तुमच्यावर ओरडतील. माझ्यावर तर ओरडून झालंय."

मी म्हणाले, "बरं."

एवढंच म्हणाले, आणि हलकं वाटलं मला. त्या हलकं वाटण्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते. मग माझ्याच हाताने वीत मोजली आणि आड उभी केली. तुझ्याइतकी सरळ झाली नाही, पण मागे हात घातला तर कुड गार लागतो.

वहिनीच्या हातांवर आता नवी कातडी आली आहे, गुलाबी. भाकरी थापताना अजून चुरचुरतं म्हणते. हे सगळं तुला लिहिते आहे, कारण तू ओरडणार नाहीस. ओरडणारा उधव्याला आहे आणि त्याचा फोन दिवसभर लागतो. मी अजून लावलेला नाही.