राहिलेला नमस्कार

बाई, काल मी एका मुलीला सांगितलं, "अजून एक वर्ष थांब." तुमचंच वाक्य. सांगताना माझा आवाजसुद्धा तुमच्यासारखा खाली गेला आणि हात आपोआप तालाच्या ठोकळ्यावर जाऊन बसला. मुलीनं माझ्याकडं बघितलं, मान हलवली, जमिनीला नमस्कार केला, माझ्या पाया पडली, चपला घातल्या आणि सुप्याची बस धरायला निघून गेली. एक शब्द बोलली नाही. तिच्या वयाची असताना मी तुमच्यासमोर काय काय बोलले होते ते तुम्हाला आठवत असेल, म्हणजे तुम्ही आहात तिथं माणसाला काही आठवत असेल तर. मला तर रोज आठवतं, आणि कालपासून जरा जास्तच.

आधी इथलं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही नेहमीसारखी मधूनच सुरू झाली. मी नगरला सावेडीत असते. भरतनाट्यमचा क्लास पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर आहे. गिरणी सुरू झाली की आमची फरशी बारीक थरथरते आणि नवीन मुलींना वाटतं, आपण नाचतोय म्हणूनच जमीन हलतेय. मी त्यांचा भ्रम मोडत नाही. मला सगळ्या ताई म्हणतात, बाई म्हणवून घ्यायला मला कधी जमलं नाही. कालची मुलगी नऊ वर्षांची असताना माझ्याकडं आली, आता अठराची आहे. तिची आई सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात पॅकिंगला आहे. येत्या दिवाळीनंतर तिचं अरंगेत्रम ठरलं होतं. तुम्ही आम्हाला समजावून सांगायचात तसंच मी तिच्या आईला समजावलं होतं, की मुलगी एकटीनं दोन तास पूर्ण कार्यक्रम करते, आणि त्या दिवसापासून ती शिकणारी राहत नाही, नाचणारी होते. ते झालं की तिला चेन्नईला पुढं शिकायला जायचं होतं, तिथून होकारही आला होता. काल मी म्हटलं, डावा पाय अजून मागं पडतोय. अजून एक वर्ष.

बाई, अलीकडं मला कॉलनीतला तो हॉल फार दिसतो. दुपारी जरा डोळा लागला की मी कोपरगावकडच्या त्या साखर कारखान्याच्या रस्त्यावर असते. चारचा भोंगा होतो. वडिलांची पाळी सुटते, ते साखर शिजवायच्या पॅनवर होते, त्यांच्या अंगाला गोड, जळका वास यायचा आणि तो धुऊन जायचा नाही. सीझन सुरू असला की आभाळातून चिमणीची काळी राख पडते, सावकाश, अगदी घाई नसल्यासारखी. दोरीवरच्या कपड्यांवर पडते, आईच्या शिव्या पडतात, आणि हॉलच्या उघड्या खिडक्यांतून फरशीवर येऊन बसते. क्लासच्या आधी आम्ही पाचजणी झाडून घेतो. झाडलं तरी तास संपेपर्यंत आमचे तळवे काळे होतात. तुम्ही चटईवर बसलेल्या, पुढं तो लाकडी ठोकळा, हातात दांडकं, आणि तुमच्या पांढऱ्या पातळावर एक राखेचा कण येऊन बसलेला. तुम्ही तो झटकत नाही. झटकला तर पसरतो, हे तुम्हाला मुंबईहून लग्न होऊन आल्यावर पहिल्याच सीझनला कळलं असणार.

तुम्ही माटुंग्याला शिकलेल्या, तिथल्या मोठ्या स्टेजवर नाचलेल्या. साहेब इथं कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट म्हणून आले आणि त्यांच्याबरोबर तुम्ही आलात. आमच्या आयांना वाटायचं, साहेबीणबाईंना वेळ जात नाही म्हणून पोरींना नाचवत्यात. मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं. मग एकदा तुमच्या स्वयंपाकघरात दुधावर लक्ष ठेवायला तुम्ही मला उभं केलंत आणि मी खिडकीबाहेर बघत राहिले. दूध वर आलं तशी मी धावले, पदर नसताना पदर शोधला, हाताला चटका बसला, फुंकर मारली. तुम्ही दारात उभ्या होतात. म्हणालात, आत्ता केलंस ते परत कर. मी परत केलं. मग तुम्ही ते करून दाखवलंत, तीच धाव, तीच फुंकर, पण तुमच्या डोळ्यांत दूध चढताना दिसत होतं, देवाशपथ. मी बघतच राहिले. त्या नादात खरं दूध सगळं उतू गेलं आणि साहेबांना त्या दिवशी काळा चहा मिळाला. तो त्यांनी तसाच प्यायला. ते भले गृहस्थ होते, फक्त तुमच्या नाचाबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही.

तुमचा एक नियम होता. पायांनी जमिनीला तासभर मारलंय, तिची माफी मागितल्याशिवाय क्लास संपत नाही. कुणीही तो नमस्कार केल्याशिवाय दाराबाहेर जायचं नाही. आमच्यातली एक तापानं फणफणली होती, तिच्या वडिलांनी तिला मधूनच खांद्यावर टाकून नेलं. चार दिवसांनी ती आली तर तुम्ही तिला म्हणालात, "आधी त्या दिवशीचा राहिलेला नमस्कार कर. तो क्लास अजून संपलेला नाही." बिचारीनं आधी मागचा केला, मग आजचा. आम्ही तोंड दाबून हसलो होतो. तिला घरी जाऊन चार दिवस झाले होते, कांजी पिऊन झाली होती, आणि तुमच्या हिशेबी ती अजून हॉलमध्येच होती.

आणि मग माझं अरंगेत्रम ठरलं. कारखान्यात तोवर कुणाचं झालेलं नव्हतं. पत्रिका छापून आल्या. वडिलांनी पॅनवरच्या तिन्ही पाळ्यांना बोलावलं होतं. तुम्ही तुमचे स्वतःचे घुंगरू काढलेत, जुन्या चामड्याला तेल लावलंत आणि माझ्या पायांत बांधलेत, म्हणालात, सवय होऊ दे. तीन आठवडे मी ते घालून नाचले. चालतानासुद्धा मला मी कुणीतरी वाटायचे. मग त्या दिवशी, पौष असेल, ऊन तिरपं आलेलं, तुम्ही मधेच दांडकं थांबवलंत. "अजून एक वर्ष थांब," म्हणालात. मी विचारलं, का? तुम्ही म्हणालात, नाचताना तुझी नजर लोकांना शोधते. मी म्हटलं, इथं लोक आहेतच कुठं? तुम्ही दांडकं खाली ठेवलंत. तेव्हा मी ते बोलले. आज साठीला टेकले तरी लिहिताना हात अडतोय, पण लिहिते. मी म्हणाले, "तुमचं स्टेज सुटलं म्हणून मलाही चढू द्यायचं नाही, एवढंच ना?"

बाकीच्या चौघी भिंतीला चिकटल्या. तुम्ही माझ्याकडं बघितलंही नाहीत. दांडकं उचललंत आणि त्यांना म्हणालात, चला, पहिल्यापासून. मी घुंगरू तसेच पायांत, नमस्कार न करता, चपला हातात घेऊन बाहेर पडले. मागून ठोकळ्याचा आवाज येत होता. आणि बाई, माझ्या रागाचं काय सांगू, मी तणतणत चालले होते आणि पाय मात्र तुमच्या ठोक्यावर पडत होते. कॉलनीच्या फाटकापर्यंत मला तालातून बाहेर पडता आलं नाही.

फाटकाबाहेर उसाच्या बैलगाड्यांची रांग लागलेली होती. मी छमछम करत मधून गेले तशा एका जोडीनं माना वर केल्या, गाडी मागं सरकली. जुवाजवळ पाथर्डीकडची एक बाई बसली होती, तोडणीहून आलेली, हातापायांवर पाचटाचे ओरखडे. ती म्हणाली, "ये पोरी, ते काढ आदी पायातलं. बैलं बुजत्यात." मी तिथंच रस्त्याच्या कडेला बसून घुंगरू सोडले आणि भोकाड पसरलं. तिनं विचारलं, कुनी मारलं का? मी म्हटलं, नाही. मग तिनं गाडीतला एक ऊस ओढला, गुडघ्यावर मोडला, अर्धा मला दिला. म्हणाली, कुनी मारलं न्हाई तर रडायचं कशापायी, खा. मी रडत रडत तो खाल्ला. माझ्या मांडीवर तुमचे घुंगरू, समोर बैलांच्या गळ्यातले, दोन्ही वाजत होते. मला अजून वाटतं, मी तिथून उठून मागं वळले असते तर क्लास सुटायच्या आत पोचले असते.

वळले नाही. आई म्हणाली, बाईंला आसं बोललीस? जा, पाया पड त्यांच्या. वडिलांनी पत्रिकांचा गठ्ठा माळ्यावर टाकला आणि ते पाळीला गेले. मी पुण्याला मावशीकडं गेले, दुसऱ्या बाई शोधल्या, आठ महिन्यांत अरंगेत्रम केलं. तुम्हाला पत्रिका पाठवली नाही. पत्ता ठाऊक नव्हता असं तर म्हणता येणार नाही. टाळ्या पडल्या, पेपरात दोन ओळी आल्या, आणि कार्यक्रमभर मी कुणाला शोधत होते ते मला कळत होतं. तिसऱ्या वर्षी आईचं पत्र आलं. आधी घरचं, वडिलांच्या खोकल्याचं, आणि मग शेवटच्या ओळीत तुम्ही. तुम्हाला जाऊन महिना झाला होता. सुट्टीत घरी गेले तर साहेबांनी तुमचा ठोकळा आईकडं देऊन ठेवलेला. निरोप काही नाही. ठोकळ्याला मधोमध तुमच्या दांडक्यानं पडलेली खोलगट जागा होती, तिच्यात माझा अंगठा बरोबर बसला.

पुढची माझी कारकीर्द तुम्हाला आवडली असती की नाही, ठाऊक नाही. चांगल्या हॉलमध्ये नाचले, दिल्लीला गेले, दोनदा परदेशी. त्याहून जास्त वेळा गणपतीच्या मांडवात नाचले, पाहुणे यायचेत म्हणून पूर्ण शृंगार करून दोन-दोन तास खुर्चीवर बसले, आणि पाहुणे आल्यावर दहा मिनिटांत आवरा म्हणून ऐकून घेतलं. गुडघे बोलायला लागले तशी नगरला आले आणि शिकवायला बसले. इतक्या वर्षांत त्या पौषातल्या दुपारचं उत्तर मी सारखं बदलत राहिले. कधी म्हणायचे, बाईंचं बरोबर होतं, माझी नजर भटकत होती. कधी म्हणायचे, नाही, त्यांचा जीव जळत होता. ज्या दिवशी नाच चांगला व्हायचा त्या दिवशी तुम्ही जळणाऱ्या, पडला की तुम्ही खऱ्या. अशी मी तुमची दोन माणसं करून ठेवली होती आणि आलटून पालटून दोघींशी भांडायचे.

आज सकाळी त्या मुलीच्या आईचा फोन आला. कामाला जायच्या गडबडीत होती. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार, हॉल सांगितलाय, नातेवाइकांना सांगितलंय. तर ती म्हणाली, "ताई, रात्री पोरगी जेवली न्हाई. मी म्हनलं, मी बोलू का ताईंशी? तर म्हनली, न्हाई, ताई म्हनत्यात म्हंजी खरंच आसंल." आणि मग मलाच विचारलं, ताई, तुमी जेवला का?

बाई, डावा पाय मागं पडत नाही. दोन वर्षांपासून पडत नाही. तिच्या नजरेतही काही उणं नाही. काल तिनं अर्ध्या तासाचं वर्णम न थांबता केलं तेव्हा खालची गिरणी बंद होती आणि तरी मला फरशी थरथरल्यासारखी वाटली. ती तयार आहे. मी खोटं बोलले. ती दर रविवारी क्लास झाल्यावर माझ्याकडं जेवते, ताटं घासते, माझ्या गुडघ्याला तेल लावते आणि बसमधल्या बायकांच्या नकला करून दाखवते. ती चेन्नईला गेली की रविवारी मी आणि गिरणी. एवढंच कारण आहे. लाज वाटते, पण एवढंच आहे. आणि फोन ठेवल्यावर तशीच बसून राहिले तेव्हा मला पहिल्यांदा तुमच्यातली तिसरी बाई दिसली. ती चटईवर बसलेली आहे, पातळावर राखेचा कण आहे, साहेब लॅबमध्ये आहेत, आणि समोर नाचणारी एकच मुलगी अशी आहे की जिच्याशी तिला माटुंग्याच्या भाषेत बोलता येतं. तुम्ही मला जाऊ द्यायला भीत होतात का हो? तसं असेल तर मी तुम्हाला किती वाईट बोलले. आणि नसेल, खरंच माझी नजर भटकत असेल, तर हे वाचून तुम्ही हसाल. हसा. पण मला आता ते भीतीचंच खरं असावंसं वाटतंय.

सुप्याची बस अकराला आहे. फोनवर सांगण्यासारखं नाही, मीच जाणार आहे. तिला सांगणार, डाव्या पायाचं मी खोटं सांगितलं, दिवाळीनंतरची तारीख तीच राहील. कशासाठी खोटं बोलले तेही सांगणार. तिला राग आला तर येऊ दे, तिनं दार आपटलं तर बरंच वाटेल मला. तुमचे घुंगरू पिशवीत घेतलेत. चामडं तीनदा बदललं, घुंगरू तेच आहेत. बसमध्ये वाजू नयेत म्हणून टॉवेलात गुंडाळलेत, ड्रायव्हर बुजायला नको.

हे पत्र घडी करून ठोकळ्याखाली ठेवते. एक तेवढं सांगायचं राहिलं. त्या दिवशीचा नमस्कार मी अजून केलेला नाही. मुली करतात तेव्हा मी बसून राहते, सगळ्यांना गुडघ्याचं कारण सांगते, आणि गुडघे दुखायच्या आधी दुसरं काहीतरी सांगायचे. तो केला की तुमचा क्लास संपेल, बाई. मला अजून घरी जायचं नाही.