आबांचं ताट

माय, आज सकाळी भांडी घासायला येणाऱ्या बाईवर मी उगाच ओरडले. तिनं एका वाटीवर अख्खी बादली ओतली होती. ती बिचारी म्हणाली, "इहीर ते तुम्हनाच आंगनमा शे ना, बाई." तिचं खरंच होतं, विहीर आमच्याच अंगणात आहे. मग दिवसभर कशात लक्ष लागेना, म्हणून तुला लिहायला बसले.

गाठीचा रोग आला त्या वर्षी शहादं सोडून तू, आबा आणि मी, आपण तिघं गाडीत राहायला गेलो. बैलगाडीला तट्ट्या, वर ताडपत्री, आत ज्वारीची पोती, गोधड्या आणि मी. त्या उजाड वावरात आपल्यासारख्या आणखी चार-पाच गाड्या होत्या. जवळच्या गावानं विहिरीवर पाऊल ठेवू दिलं नाही. शिवेवर रिकामी घागर ठेवायची आणि लांब जाऊन उभं राहायचं. "मांगे सरका, आखो मांगे!" असं ओरडत एकजण यायचा, घागर भरून निघून जायचा. दिवसाला एवढंच पाणी. प्यायला तेच, भाकरीला तेच, भांड्यांना तेच. नाल्यात एक हिरवं डबकं होतं, ते बैलांचं. त्याला तू मला हात लावू दिला नाहीस.

अजून दिसतं, तू चाकाच्या सावलीत भांडी घेऊन बसली आहेस. आधी राख, मग कोरडी वाळू, मग कडब्याच्या पानांनी पुसून घेणं. शेवटी एकच लोटा पाणी. ते वाटीत फिरवायचं, वाटीतलं ताटात, ताटातलं पातेल्यात. पळसाला तेव्हा नुसती फुलं होती. पानं असती तर पत्रावळीवर भागलं असतं. तुझ्या बोटांना भेगा पडल्या होत्या आणि राख त्यात शिरली की तू दात आवळायचीस. मला तेव्हा तो खेळ वाटायचा.

मग आबांना ताप भरला, जांघेत गाठ आली. "पानी दे व, पानी," हेच दिवसभर. घागर त्यांच्याच घशात रिकामी व्हायला लागली. भांड्यांचा लोटा गेला, मग तुझं पिणंही अर्ध्यावर आलं. आबांनी कण्हत दोन घास पेज घेतली की उरलेली तू त्यांच्याच ताटात खायचीस. घरीही तू रोज त्यांच्याच ताटात जेवायचीस, बायका जेवतातच. पण घरी ते धडधाकट माणसाचं ताट होतं आणि इथे आजाऱ्याचं. शेजारच्या गाडीतली म्हातारी लांबूनच ओरडली, "त्यास्ना ताटमा जेवू नको व, माय! पोरगीकडे देख!" तू मान वर न करता म्हणालीस, "पानी कोठे शे दुसरं ताट धोवाले?" आणि मग हळूच, मला ऐकू जाईल न जाईल असं, "आते ताट येगळं करू का त्यास्नं?" ताटात चमचाभर पाणी घालून, बोटानं फिरवून तेही तू पिऊन टाकलंस.

चार दिवसांनी तू आडवी झालीस. मी जवळ आले की म्हणायचीस, "तू तठेच बस. आठे येवू नको." मी तिथेच बसले. गाडीपासून हाकेच्या अंतरावर, उन्हात, घागर मांडीशी धरून. तू पाणी मागितलंस की लोटा ठेवून मागे सरायचे, त्या गाववाल्यासारखीच. तुला गाठ उठलीसुद्धा नाही, इतकी तू घाईनं गेलीस. आबांची गाठ फुटली आणि ते उठून बसले.

किती वर्षं मी त्या ताटावर दात खाल्ले! तुझ्यावरही. एक मुलगी जिवंत आहे हे तुला त्या ताटापुढे आठवलं नाही, असं मला वाटायचं. पुढे शिकले, मास्तरीण झाले, आणि आता मीच मुलींना सांगते की हा रोग उंदरांच्या पिसवांनी येतो. म्हणजे कदाचित गोधड्यांतून आला असेल, घरून आणलेल्या पोत्यांतून आला असेल. तू वेगळ्या ताटात जेवली असतीस तरी गेलीच असतीस. हे कळलं त्या दिवशी हलकं वाटायला हवं होतं. उलट मला रडू आवरेना, कारण आता रागवायला कुणीच उरलं नव्हतं.

हे कागद पाठवायचे कुठे? आबा म्हातारे झालेत, ओट्यावर बसून असतात. त्यांनी मला एकट्यानं वाढवलं, लोकांची बोलणी खाऊन शाळेत घातलं, दुसरं लग्न केलं नाही. त्यांच्यासारखा बाप शोधून सापडणार नाही. तरीसुद्धा माय, त्या वावरात मला कुणी विचारलं असतं की दोघांतलं कोण ठेवू, तर मी तुला मागितलं असतं. आजही तुलाच मागेन.

आत्ताच त्यांनी विचारलं, "काय लिखी ऱ्हायनी व, बेटा?"

"काही नही, आबा," म्हटलं. त्यांना अक्षरओळख नाही. तरी मी हातानं कागद झाकला.