कॅम्प म्हणायचं नाही

आप्पा, मी कॅम्प बघून आले. आईला फोनवर एवढंच सांगितलं, तर ती म्हणाली, "कॅम्प? तो कधीच पाडलो गो! आता थंय टॉवर इलो." मी म्हटलं, "आपला नाही गं, जर्मनीतला. हिटलरचा." ती खेकसली, "थंय कित्याक गेलंस? पोरीकडे गेलंस तर पोरीकडे ऱ्हव ना!" तुमची बायको अजून अशीच आहे. वय झालं, गुडघे गेले, आवाज तेवढा शाबूत आहे. मग तिने तिकडच्या थंडीची चौकशी केली, भात मिळतो का विचारलं, आणि कॅम्पाचा विषय तिथेच राहिला. म्हणून म्हटलं, तुम्हाला लिहावं. तुमच्याशिवाय हे कुणाला सांगायचं, ते मला कळत नाही.

माझी मुलगी म्युनिकमध्ये नोकरी करते. तुम्ही तिला पाहिलेलं नाही, पण भुवया तुमच्या घेतल्यात, रागावली की तशाच जवळ येतात. तिच्याकडे महिनाभर राहायला गेले होते. एका शनिवारी ती म्हणाली, "आई, आज तू सांगशील तिथे जाऊ. राजवाडा, तळं, बोल." मी म्हटलं, दाखाऊ, तो हिटलरचा कॅम्प. तिला वाटलं मी चुकून काहीतरी वेगळं बोलतेय. "अगं, लोक इथे येऊन चॉकलेटं घेतात, तू कुठे निघालीस?" मी हट्ट सोडला नाही. का ते तिला सांगता आलं नाही, कारण ते सांगायचं तर दिंडोशीपासून सुरुवात करावी लागली असती, आणि दिंडोशीबद्दल मी तिला कधी अवाक्षर बोलले नव्हते.

आठवतं, परळची चाळ धोकादायक ठरली तेव्हा आपण टेम्पोत सामान भरून निघालो होतो? तुम्ही पुढे ड्रायव्हरशेजारी, मांडीवर गणपतीचा पाट. आई मागे गाद्यांवर, कुणी मेल्यासारखा चेहरा करून. दोन वर्षांत नवी इमारत होईल, चावी हातात मिळेल, तोवर ट्रान्झिट कॅम्प, असं सांगितलेलं. दिंडोशीला उतरलो तर समोर डोंगराच्या उतारावर एकामागे एक लांबलचक बराकी, वर सिमेंटचे पत्रे, दारांवर रंगाने नंबर. आई म्हणाली, "ह्या काय?" तुम्ही पाट आत नेऊन ठेवलात आणि बाहेर येऊन म्हणालात, "हवा बरी आसा." हवा खरंच बरी होती. मागे झाडी होती, संध्याकाळी मोर ओरडायचे, आणि परळला आयुष्य काढलेल्या आईला ते कुणीतरी पोर रडतंय असं वाटायचं.

ती दोन वर्षं काही संपली नाहीत. मी तिथेच शाळा संपवली, तिथेच मोठी झाले, आणि तुम्हीही तिथूनच गेलात. आम्हाला इमारतीत जागा मिळाली तेव्हा तुम्हाला जाऊन बराच काळ लोटला होता, आणि तीही माझ्या मुलीला कळायला लागायच्या आत विकली. पण खरं सांगू, डोळे मिटले की मला इमारत दिसत नाही, ती खोलीच दिसते. रविवार आहे. तुमची गिरणी केव्हाच बंद पडलीय, तुम्ही चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत मालाची खोकी बांधायच्या कामाला लागलायत, आणि आठवड्यातून हा एकच दिवस घरी असता. स्वयंपाक तुमच्याकडे. बांगडे साफ करून झालेत, तिरफळं ठेचताय, आणि आई दारात बसून सूचना देतेय. "मीठ घातलंत?" "घातलंय." "बघा हां." "अगो, तूच ये नि कर!" ती उठत नाही. कालवणाला उकळी येते आणि त्या वासाने शेजारचे गुजराती काका दार ओढून घेतात, मग अर्ध्या तासाने त्यांचाच नातू वाटी घेऊन येतो. दाराजवळच्या मोरीच्या पाण्यावर तुम्ही लावलेलं अळू माझ्या कमरेएवढं झालंय.

आणि तो माळा. नववीत गेले तेव्हा मी कुरकुर केली की अभ्यासाला जागा नाही. तुम्ही रोज कामावरून येताना खोक्यांच्या दोन-तीन फळ्या खांद्यावर घेऊन यायला लागलात. एका सुट्टीत ठाकठोक करून भिंतीला माळा बांधलात, वर चढायला शिडी, कडेला पडू नये म्हणून आडवी पट्टी. एका फळीवर इंग्रजीत 'धिस साइड अप' लिहिलेलं आणि शेजारी बाण, पण फळी उलटी ठोकल्यामुळे बाण खाली आईच्या पातेल्यांकडे. मी तुम्हाला दाखवलं तर म्हणालात, "अभ्यास केलंस तर बाण आपसूक वर जायत." त्या फळ्यांना नव्या लाकडाचा वास होता. पत्रा डोक्याला लागायचा, उन्हाळ्यात जीव नकोसा व्हायचा, पण ती जागा माझी होती. त्यानंतर मला स्वतःची खोली मिळाली, स्वतःचा फ्लॅट झाला, पण तितकं मालकीचं मला परत काही वाटलं नाही.

तुमचा एकच नियम होता: कॅम्प म्हणायचं नाही. शाळेत आम्हाला 'कॅम्पातली पोरं' म्हणत, रिक्षावाले 'कॅम्प क्या?' विचारत, आईसुद्धा वैतागली की म्हणायची. तुम्ही मात्र 'घर' म्हणायचात. हा नियम मला नीट कळला तो इतिहासाच्या धड्यामुळे. बाईंनी हिटलरच्या छळछावण्या शिकवल्या होत्या, तिथे माणसं कशी कोंबली, कशी मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी संडासच्या रांगेत डबा घेऊन उभी असताना मी मोठ्याने म्हटलं, "हा आपला पण हिटलरचा कॅम्पच आहे!" सगळी रांग हसली. मला फार भारी वाटलं. तुम्ही रांगेत मागे होतात, ते मी पाहिलं नव्हतं.

तुम्ही मला घरी घेऊन आलात. दार लावलंत, कडी घातलीत आणि विचारलंत, "कडी खंयसून लागली?" मी म्हटलं, "आतून." तुम्ही म्हणालात, "मगे? ज्येचो दरवाजो आतून लागता, तेका घर म्हणतत. त्या लोकांका आतून कडी नव्हती. हसूक म्हणान त्यांचा नाव घेव नको." एवढंच. आवाजही चढवला नाहीत. तुम्ही ते कुठे वाचलं होतंत, की तुमचं तुम्हालाच सुचलं, हे मी कधी विचारलं नाही.

तर दाखाऊ. स्टेशनवर उतरून बस घेतली. बाहेर साधं गाव आहे, बाल्कन्यांत फुलं, बेकरीत गर्दी. आत लोखंडी फाटक, मग मोठं उघडं मैदान, सगळी खडी. चालताना पायांचा इतका आवाज होतो की बोलावंसं वाटत नाही. बराकी आता नाहीत, नुसत्या त्यांच्या चौकटी जमिनीवर आखून ठेवल्यात, पुढे नंबर, रांगेने लांबपर्यंत. एक गाइडबाई शाळेच्या मुलांना इंग्रजीत समजावत होती आणि दर वाक्याला 'बॅरक' म्हणत होती. आप्पा, मी कान टवकारले. आपल्या दिंडोशीच्या पत्त्यातला शब्द. तो मी किती वर्षांनी कुणाच्या तोंडून ऐकत होते.

दोन बराकी तेवढ्या नमुन्यादाखल पुन्हा बांधल्या आहेत, त्यांतली एक बघायला उघडी. आत गेले. नव्या लाकडाचा वास होता. समोर फळ्यांचे माळे, एकावर एक, कडेला आडव्या पट्ट्या. मी बघत राहिले. कुणाकुणाला तिथे झोपवलं असेल, किती जण उठलेच नसतील, हे सगळं मला माहीत होतं. तासभर फोटोंत तेच पाहून आले होते. पण त्या फळ्या दिसल्या आणि मला तुम्ही दिसलात. खिळे तोंडात धरून, हातोडी शोधताना. मला बांगड्याचं कालवण आठवलं. एवढी माणसं जिथे मारली तिथे मला माहेर आठवलं, आणि मी हसले. तोंडभर हसले असणार, कारण शेजारी उभी असलेली एक बाई माझ्याकडे बघून बाजूला झाली.

मुलीने दंड धरून मला बाहेर काढलं. झाडांखाली उभं करून म्हणाली, "आई, तू हसत होतीस."

"हो."

"इथे? सगळे बघत होते. मला लाज वाटली यार. मला सांग, तुला कळतंय ना आपण कुठे आलोय?"

भुवया जवळ आलेल्या. मला वाटलं, आता गप्प बसले तर ही मला जन्मभर अशीच बघेल, त्या बराकीत हसणारी बाई म्हणून. मी दाराकडे बघितलं. आतल्या बाजूला कडी मला दिसली नव्हती. असेलही कदाचित, ते दार नंतरचंच आहे. पण तुमचं म्हणणं मला त्या दारात पटलं होतं, आपलं आणि त्यांचं एका वाक्यात आणायचं नाही. आणि तरीही मला तिला सांगायचं होतं. मी म्हटलं, "मी पण कॅम्पात वाढलेय. ट्रान्झिट कॅम्पात. याच्याशी त्याचा काही संबंध नाही, नीट ऐक. पण माझ्या बापाने मला असाच माळा बांधून दिला होता."

मग मी सांगत सुटले. परतीच्या बसमध्ये, पुढे तिच्या घरी चहा करताना, सांगतच होते. ती आधी घुश्शात होती, मग बाणाचं ऐकून फिस्सकन हसली, मग म्हणाली, "एवढं सगळं, आणि मला एवढंच माहीत की तुम्ही परळला होतात. का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, तुझ्या आजोबांनी तो शब्द बोलायचा नाही असं सांगितलं होतं, आणि तो शब्द न बोलता तिथलं काही सांगता येत नाही. तिने कप खाली ठेवला आणि माझा हात धरला. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा, बोटांत बोटं घालून. मी हसले होते ते तिला कळलं, आप्पा. मी सुटले.

आणि मग तिने विचारलं, "मग आजोबांना मिळालं का गं घर? इमारतीतलं?"

दिवसभर मी घरी न परतलेल्या माणसांचे चेहरे बघितले होते. आणखी एक माणूस वाट बघत तिथेच गेला, हे माझ्या तोंडून निघेना. मी म्हटलं, "मिळालं ना. चावी त्यांच्याच हातात दिली. दोन वर्षं राहिले तिथे, सुखाने." ती म्हणाली, "बरं झालं." तिचा चेहरा इतका निवळला की पुढे मी तुमची गॅलरीतली खुर्चीसुद्धा सांगितली, गॅलरीतून डोंगर दिसायचा तेही.

हे पत्र मी कपाटात खालच्या खणात ठेवणार आहे, ती पुढल्या सुट्टीत यायच्या आत फाडूनही टाकेन. आईला मात्र काल सांगून ठेवलंय, नातीने विचारलं तर काय म्हणायचं ते. आईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गॅलरी खंयच्या बाजूक होती, ता सांग. माझा चुकाक नको."