अनाएली जेवत नाही

मोशी,
११ जून १९९७

आई,

पाया पडते. वर डोंगरात थंडी कडक पडली असेल. इथे खालीही सकाळी धुकं असतं, मशीनचं लोखंड हाताला गार लागतं. तुमचा कालेबी बरा आहे, लॉरी घेऊन दारेसलामला गेलाय. कॉफीचा हंगाम सुरू झाला की तो घरी कमी आणि रस्त्यावर जास्त, हे तुम्हाला सांगायला नको. मीही बरी आहे. शाळेचे गणवेश शिवायला आलेत.

माझं अक्षर बघून दचकला असाल. मातीनंतर मी तुम्हाला ना निरोप पाठवला, ना पत्र. तुम्ही मात्र बसवाल्याच्या हाती केळ्यांचे घड पाठवत राहिलात. त्यांचं मी काय केलं ते शेजारच्या रूथबाईनं तुमच्या कानावर घातलंच असेल. खरं आहे ते. मी ते घरात घेतले नाहीत, तिच्या गाईला घातले.

हे पत्र तुम्ही स्वतःच वाचा. बायबल वाचता तसं, सावकाश. दुसऱ्या कोणाला वाचायला देऊ नका.

अनाएलीबद्दल लिहायचं आहे. ती आता उंच झालीय. अभ्यासात बरी आहे, गणितात कालेबीसारखीच कच्ची. तिच्या खाण्यापिण्याकडे माझं पूर्ण लक्ष असतं. सकाळी उकडलेलं अंडं, दुपारी माठाची भाजी, तेलाचं नुसतं बोट लावून. संध्याकाळी पुन्हा भाजी, कधी सुके मासे. साखर घरात येत नाही. तळलेल्या गोड मांदाझी नाहीत, सोडा नाही. शाळेत नाचणीची पेज देतात, तिच्यात साखर असते, म्हणून बाईंना सांगितलं, हिला देऊ नका. मग भात बंद केला. मग मक्याची उगालीही बंद केली, कारण पिठाची पोटात शेवटी साखरच होते असं मला तेव्हा हॉस्पिटलात शिकवलं होतं. केळी तर नाहीतच. शेजारणी म्हणायच्या, पोरगी वाळत चाललीय. मी म्हणायचे, काटक आहे, माझ्यावर गेलीय. रोज सकाळी तिची लघवी तपासायचे. त्या पट्ट्या उरल्या होत्या.

गेल्या महिन्यात शाळेच्या प्रार्थनेत उभी असताना ती खाली पडली.

मी तिला उचलून हॉस्पिटलात पळाले. डॉक्टर तीच होती, मासावे. मला बघून तिचा चेहरा उतरला. जे माझ्या मनात आलं तेच तिच्याही आलं असणार. तिनं रक्त घेतलं. मी बाहेर बाकावर बसले आणि देवाशी भांडले. काय काय बोलले ते लिहीत नाही.

मग तिनं मला आत बोलावलं. "साखर नाही, हायका. हिला तो आजार नाही."

"मग पडली कशानं?"

"भुकेनं."

मी चिडले. म्हटलं, "डॉक्टर, आम्ही गरीब असू, पण आमच्या घरात कोणी उपाशी झोपत नाही."

त्यावर ती म्हणाली, "तू शिंपीण आहेस ना? हिचा हा फ्रॉक कधी शिवलास? अंगात किती ढिला झालाय ते बघ. हिच्या केसांचा उडालेला रंग बघ. हिला भात दे, उगाली दे, डाळ दे, केळी दे. या मुलीला तुझी भीती खायला घालू नकोस."

आई, मला वाटलं होतं मी तिला वाचवतेय.

घरी आल्यावर मी भात केला. राजमा नारळाच्या दुधात शिजवला, ताट तिच्यापुढे ठेवलं. तिनं ते ढकललं. मी घास भरवला तर हातावर थुंकली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "हे खाल्लं की मी मरेन ना?" मी किती वेळा नाही म्हटलं. पण ती माझं का ऐकेल? ज्या तोंडानं मी रोज सांगितलं की हे विष आहे, त्याच तोंडानं आता म्हणतेय, खा. पुन्हा तिला दवाखान्यात ठेवावं लागलं, नळी लावावी लागली. नर्सनं लाडानं विचारलं, "बाळ, तुला कोणाच्या हातचं आवडतं?" ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आजीची केळ्यांची मतोरी." नर्स माझ्याकडे वळली, "मग आजीला बोलवा की."

मी तिला सांगितलं, हिला आजी नाही.

अनाएलीनं ते ऐकलं. त्यानंतर ती माझ्याशी बोलत नाही.

मी त्याचं नाव या पत्रात लिहिणार नव्हते. पण लिहिल्याशिवाय पुढचं लिहिता येत नाही. एलिनामीला सुट्टीत तुमच्याकडे पाठवलं तेव्हा मातीच्या मडक्यात ओली वाळू घालून तिच्यात इन्सुलिनची बाटली गार राहायला ठेवून दिली होती. सुई कशी टोचायची ते तुम्हाला शिकवलं होतं. तुम्ही त्या दिवशी माझ्यापेक्षा चांगली टोचली होती. मग तो झाडपाल्यावाला आला आणि म्हणाला, सुईच रोगाला आत धरून ठेवते, सुई थांबवा म्हणजे तो निघून जाईल. तुम्ही सुई थांबवली, काढा दिला. पोरगं ओकायला लागलं तेव्हा तुम्हाला वाटलं, रोगच बाहेर पडतोय. दुधाच्या गाडीतून तुम्ही त्याला खाली आणलंत तेव्हा तो मला ओळखत नव्हता.

तुमचं त्याच्यावर प्रेम होतं हे मला माहीत आहे. त्यानं माझा राग कमी होत नाही, वाढतोच. वैऱ्यानं मारलं असतं तर मी निदान सुखानं शिव्या दिल्या असत्या.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही. हे पत्र त्यासाठी नाही. अनाएली जेवत नाही, म्हणून लिहितेय. येऊन तिला खायला करून घाला.

कालेबीची बायको,
हायका


मोशी,
२० ऑगस्ट १९९७

आई,

पाया पडते. तुम्ही न सांगता गेलात. सकाळी उठले तर तुमची चटई गुंडाळलेली, आणि अनाएली दारात बसून बसस्टँडच्या रस्त्याकडे बघत होती.

आधी तिची खबर. ती खातेय. डॉक्टरनं परवा वजन केलं आणि हसली. माझ्यासमोर अजून बिचकत खाते, पहिला घास घेण्याआधी माझ्या तोंडाकडे बघते. म्हणून तुम्ही केलं तसंच करते, आधी मी खाते, मग ती.

तुम्ही आलात तो दिवस डोळ्यांसमोरून जात नाही. डोक्यावर घड घेऊन उंबऱ्याबाहेर उभ्या होतात. मी या म्हटलं नाही, तुम्ही आत आला नाहीत. शेवटी अनाएलीच ओरडली, "आजी, आत ये ना, पाय दुखतील!" मग तुम्ही चूल पेटवलीत आणि मला हाक मारलीत.

"हायका, इकडे ये. इथे उभी राहा."

"मला शिवण आहे."

"शिवण कुठे पळून जात नाही. मी काय घालते ते बघ. हे केळं. हे मांस. हा कांदा, हे मीठ. झालं. आता बोट घालून चाख."

मला तुमचा तेव्हा फार राग आला, आणि मी बोट घालून चाखलं. मतोरी चांगली झाली होती. अनाएलीनं वाटी चाटून पुसून खाल्ली. तुम्ही तिच्याकडे बघत मला म्हणालात, "आई शिंपीण आणि पोरीच्या अंगात गोणी! फ्रॉक बारीक करू नकोस गं, हिलाच भरू दे." ती हसली. या घरात कोणी हसलं की मी आधी दचकते.

आता जे लिहायचं टाळतेय ते लिहिते.

तुम्ही आल्यापासून पाण्याचा हंडा लवकर संपायचा. सारख्या मोरीकडे जायचात. मोरीच्या कडेला मुंग्यांची रांग लागली होती. पायाच्या बोटाला चिंधी बांधली होती. मी विचारलं तर म्हणालात, दगड लागला, जुनं आहे. हे सगळं मी माझ्या मुलात पाहिलंय. मुंग्या दिसल्या त्याच सकाळी मला कळलं, तुम्हालाही साखर आहे.

आणि मी गप्प बसले. तुम्हाला वाटेल, घाबरून. नाही. मुंग्या बघून मला बरं वाटलं होतं. मनात आलं, आता कळू दे तुम्हाला तहान काय असते. तुम्ही माझ्या मुलीला भरवत होतात आणि मी तुमच्या पाठीशी उभी राहून असं म्हणत होते. रूथबाई म्हणते, सासूला किती पटकन जवळ केलंस. तिला काय माहीत!

पण मग त्या दुपारी तुम्ही अनाएलीची वेणी घालताना दोरा सापडेना म्हणून जमिनीवर चाचपडत होतात. दोरा समोरच होता. तुम्हाला दिसत नव्हता. अनाएलीनं हळूच तो तुमच्या हाताखाली सरकवला, म्हणजे तुम्हाला लाज वाटू नये. तिला आधीच माहीत होतं. मग मला राहवलं नाही. तुम्हाला ओढत हॉस्पिटलात नेलं.

डॉक्टर मासावेनं बोट सोडवून बघितलं आणि म्हणाली, गोळ्यांनी भागणार नाही, सुई लागेल, रोज. तुम्ही नुसतं "नको" म्हणालात. परतताना बसमध्ये मी किती बोलले. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. उतरताना एवढंच म्हणालात, "जी सुई मी पोराची बंद केली, ती स्वतःला कुठल्या तोंडानं टोचून घेऊ? देव माझा हिशोब करतोय, करू दे."

त्याचं उत्तर आता देते.

देवाला मध्ये आणू नका. हा हिशोब तुमचा आणि माझा आहे, आणि मी अजून काही सोडलेलं नाही. तुम्ही मरून मोकळ्या होणार आणि आम्ही काय करायचं? अनाएली रोज विचारते, आजी का गेली, मी जास्त खाल्लं म्हणून गेली का? आई, तिच्या डोक्यात हे असंच चालतं. भावाला पुरलं त्याच केळीच्या बागेत तुम्हाला पुरलेलं तिनं बघितलं आणि पुन्हा जेवण सोडलं, तर या वेळी तुमच्या हातची मतोरी तरी कुठून आणू?

दीर मला म्हणतात, म्हातारीला तिच्या मर्जीनं जाऊ दे. मर्जी कसली! तुम्ही स्वतःला शिक्षा देताय आणि ती पोरगी भोगणार.

सुई मी टोचेन. मला येते. आधी दंडावर, मग मांडीवर, मग पोटावर, रोज जागा बदलत. तुम्ही ओरडलात तरी चालेल, तोही ओरडायचा. तुमच्या ताटातलं भात-केळं मोजून वाढेन, पण उपाशी ठेवणार नाही, ते आता शिकले. चहात साखर मिळणार नाही. कुरकुर करा हवी तेवढी.

कालेबी शनिवारी लॉरी घेऊन वर येतोय, हे पत्र त्याच्याच हाती देणार होते. पण तोवर थांबवत नाही, म्हणून आज बसवाल्याकडे देतेय. शनिवारी त्याला रिकामा पाठवू नका.

तुम्ही गेलात तर मी रागवू कोणावर?

एलिनामीची आणि अनाएलीची आई,
हायका


माचामे,
शुक्रवार

हायका,

पत्र मिळालं. घरात अक्षरं दिसेनात म्हणून अंगणात उन्हात बसून वाचलं. दुसऱ्या कोणाला दिलं नाही.

बोट आता दुखत नाही. काळं पडलंय. दुखत नाही म्हणजे काय ते तुला कळेल. कापायचं म्हणाले तर कापू देत, तू सही कर. कालेबीला विचारू नकोस, तो रडेल.

तू मला शिव्या देत होतीस ते मला कळत होतं. पाठीलाही कान असतात. तरी तू माझ्या हातचं खाल्लंस.

कालेबीच्या लॉरीत मी चढू शकणार नाही, फार उंच आहे. उद्या पहाटेच्या दुधाच्या गाडीतून उतरते. त्या गाडीत बसायचं नाही असं ठरवलं होतं, पण दारापर्यंत येणारी दुसरी गाडी नाही, आणि बसपर्यंत चालवत नाही. दूधवाल्याला सांगितलंय, पुढे बसवेल.

स्टँडवर तू ये. अनाएलीला आणू नकोस, मला चालताना बघून घाबरेल. आधी हॉस्पिटलात जाऊ, मग घरी.

सुई तू टोच. नर्सच्या हातची मी घेणार नाही. आणि टोचताना हात हलका ठेवू नकोस.

एलिनामीची आजी