देवीला विचारलेल्या गाड्या

११ नोव्हें., मंगळ
श्री मागनं लिहीन, आधी हे. खळ्यात सुपारी वाळत घातलेली. दत्ताला म्हटलं, मी बागेत जाते, ढग आला तर ताडपत्री टाक. ढग आला, पाऊस पडला, सुपारी भिजली. आणि बेचाळीस वर्षांचा माझा मुलगा पडवीत फोनात तोंड घालून. "आये, शेवटची ओव्हर होती." सुपारीला बुरशी धरली की ओव्हर वाळत घाल खळ्यात.
श्री.
मॅच बघणारा माणूस ओरडतो, हसतो. हा घाम पुसतो.

१४ नोव्हें., शुक्र
दत्ता सकाळी गोड बोलला. "आये, आपली गाडी जुनी झाली. बोर्लीत वापरलेली एक बघितलीय. देवीला विचारू या?" दिघीच्या जेटीवर माणसं सोडतो, त्याच गाडीवर घर चालतं. कौल घेतल्याबिगर आमच्यात गाडी काय, शेरडूसुद्धा घेत नाय. गुरवानं देवीला दोन अंगांना कळ्या लावल्या. गाऱ्हाणं घरातल्या मोठ्या माणसानं घालायचं. मोठी मीच. उजवी कळी पडली, म्हणजे घे. दत्ता माझ्या पाया पडला. कधी पडत नाय.

१९ नोव्हें., बुध
ती गाडी दुसऱ्यानं नेली म्हणे. आता दुसरी. परत देवळात. डावी पडली. "परत विचार ना आये." म्हटलं, देवी काय तुझी नोकर हाय?
सून, सुषमा, भाकऱ्या थापत ऐकत होती. भाकरी जोरात आपटली.

२३ नोव्हें., रवि
तिसरी गाडी. उजवी.

२६ नोव्हें., बुध
चौथी. उजवी. दारात अजून एक चाक नाय.

२८ नोव्हें., शुक्र
देवीला नारळ द्यायला गेले. गुरव पायरीवर पान जुळवत बसलेला. म्हणाला, "काय काकू, दत्ताच्या गाडीला अकरा जण लागतात काय ढकलायला?"
"म्हणजे काय रे?"
"मॅच असली की त्याच दिवशी त्याला कौल पायजे. काल एकटाच आला. म्हणाला, लवकर लाव, टॉसआधी पैसे लावायचेत. मी नाय लावला."
तिथंच पायरीवर बसले. गाडी नव्हतीच कुठं. फोनातनं मॅचवर पैसे लावतो, आणि लावू का नको ते देवीला विचारतो. माझ्या तोंडानं. चार वेळा मी पदर पसरून उभी राहिले, आणि हा मागं हात जोडून. गुरवानं पान दिलं. घेतलं नाय.
घरी विचारलं. आधी नाय म्हणाला. मग, "एवढं काय त्यात! माझ्या हातात हाय. कधीपण थांबवीन."
"मग आत्ता थांबव."
"उद्याची होऊ दे."

२९ नोव्हें., शनि
सुषमा भांडी घासता घासता बोलली. "आई, मी गणपतीतच सांगितलं होतं. गाडीत माणसं बसवून हे फोन समोर ठेवून मॅच बघतात. हरले की दोन दिवस जेवत नाहीत. डॉक्टरला दाखवू म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, माझ्या पोराला वेडा ठरवतेस."
म्हणाले होते. आणखी काय काय म्हणाले ते लिहीत नाय, तिला पाठ हाय. चूक माझी. तिच्यापुढं म्हटलं नाय. इथं लिहिलं.

३ डिसें., बुध
दिघीच्या वळणावर गाडी कठड्याला घासली. आत सात बाया, बाजाराच्या टोपल्या. कोणाला लागलं नाय. एकीची अंडी फुटली, तिनं दत्ताचे सगळे पूर्वज काढले. मीही त्यात आले, बरोबरच हाय.
पण लिहायचं ते हे. घरी आला. सुषमानं पाणी दिलं. पाणी प्यायच्या आधी यानं फोन काढून स्कोर बघितला. तेव्हा कळलं, याच्या हातात काय नाय उरलं.
म्हटलं, उद्या दवाखान्यात.
"लोक काय म्हणतील, आये?"
"सात बाया बाजारात गेल्यात. लोकांचं म्हणून झालं."

४ डिसें., गुरु
सरकारी दवाखान्यात गुरुवारी मनाच्या दुखण्याची बाय बसते. सुषमाहून लहान. दत्ताला विचारलं, थांबायचं ठरवून परत लावलंत, असं झालं का? मी म्हटलं, लय वेळा. घरच्यांपासून लपवता का? मी म्हटलं, वर देवीला कामाला लावतो. बाय म्हणाली, "आजी, मी यांना विचारतेय."
अशी म्हणाली मला. सगळ्यांसमोर.
दत्ता चपलेकडं बघत म्हणाला, "हरलो की जास्त लावतो. जिंकलो तरी जास्त लावतो." आणि रडला. मी बाहेर जाऊन चहा घेतला. पाणचट.
बाय म्हणाली, बरं झालं लवकर आलात, गाडी न् घर दोन्ही हाय अजून. लवकर! गणपतीत आलो असतो तर लवकर.
ठरलं ते असं: मोठा फोन सुषमाकडं, दत्ताला बटणांचा. मॅचच्या दिवशी गाडी बंद. आणि त्या दिवशी सं. ५ ला बाय फोन करणार. लावावंसं वाटलं का, लावलं का, खरं सांगायचं. खोटं सांगितलं तर ती रागावणार नाय म्हणे. मला नाय जमायचं.

७ डिसें., रवि
आज मॅच. दत्ता सकाळपासनं खळ्यात फेऱ्या मारतोय. सुपारी उलटायला दिली, तीच तीच उलटतोय. दुपारी अर्धा तास गायब. "दाढी करायला गेलो होतो." दाढी तशीच. कोणाच्या फोनवरनं लावलं का, मी विचारलं नाय. विचारून खरं कळेल असं वाटत नाय, पोटचा असून.
पावणेपाच झाले. आत्ता येऊन बसला. "आये, तूच बोल ना बायशी. सगळं बरं हाय सांग. मला जमत नाय."
सुषमा उठत होती. तिला म्हटलं, बस तू, पीठ मळ. मी पण हलणार नाय. दत्ता, फोन वाजला की तूच उचलायचा. ती विचारील त्याला जबाब तूच द्यायचा.