जेल, सोडा आणि उजव्या पायाचा अंगठा

३ मार्च
लॅबमधला लोखंडी स्टँड उजव्या अंगठ्यावर पडला. नख काळंनिळं, कडेला चीर. ही म्हणाली, तुम्हाला शुगर आहे, आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना दाखवून या. माझी शुगर काठावर आहे. (दोनशे सत्तर.)

५ मार्च
अंगठा सुजला, ठणकतोय. म्हणजे इन्फेक्शन. फार आनंद झाला. नऊ वर्षं मी जेल बनवतोय ते याचसाठी. इन्फेक्शन झालेली जागा आंबट होते, आंबट लागलं की जेल उघडतं आणि आतलं अँटिबायोटिक तिथल्या तिथे सुटतं. निरोगी जागेवर ते ढिम्म बसून राहतं. एका अंगठ्यासाठी गोळ्या खाऊन अख्ख्या शरीराला वेठीस धरणं हा अडाणीपणा आहे. जेल लावून पट्टी बांधली. संकल्प: एकही गोळी घ्यायची नाही. निकाल शुद्ध हवा.

६ मार्च, सकाळी ७
स्वच्छता हवीच. टबात कोमट पाणी, दोन मुठी खाण्याचा सोडा, दिवसातून चार वेळा पाय बुडवणे. हिने विचारलं, सोडा कशाला? म्हटलं, तुला नाही कळायचं.

८ मार्च
पट्टी सोडली. जेल जसंच्या तसं, अजिबात उघडलेलं नाही. म्हणजे जागा आंबट नाही. म्हणजे इन्फेक्शन गेलं. ठणका वाढलाय, पण ठणका हे अंगठ्याचं मत झालं. पुरावा नव्हे.

९ मार्च
बूट चढेना. चपलेवर डायरेक्टरांकडे गेलो. वीस तारखेला जेलचा निकाल समितीपुढे सादर करतो म्हणून कबूल करून आलो. 'माणसावर पहिलं यश' अशी स्लाइडही केली. अंगठ्याचा फोटो उद्या काढू, आज रंग बरा नाही.

११ मार्च
लॅबमध्ये शेजारच्या टेबलावर मीटरबाई बसतात. आंबटपणा मोजायच्या मीटरवर तपासल्याशिवाय त्या चहाही पीत नाहीत, म्हणून मी ठेवलेलं नाव. डबा खाताना म्हणाल्या, कसला तरी वास येतोय. म्हटलं, तुमच्या भाजीचा. मग मलाही आला.

१२ मार्च
ताप १०२. रजा. मीटरबाई समाचाराला आल्या. हिने फितुरी करून टब दाखवला. बाईंनी पर्समधून आंबटपणा तपासायची कागदी पट्टी काढून पाण्यात बुडवली. (पर्समध्ये पट्ट्या. काय बाई आहे.) म्हणाल्या, सोड्याने सगळा आंबटपणा तुम्हीच मारताय, जेल उघडणार कसं? आत इन्फेक्शन मजेत वाढतंय. मी म्हटलं, जळतात लोक. त्यावर ही रडायलाच लागली. म्हणाली, तुमचं जेल गेलं खड्ड्यात, मला तुम्ही धड हवे आहात. मलाही भरून आलं. दवाखान्यात जायचं कबूल केलं. आधी एक दिवस सोडा बंद, व्हिनेगर सुरू.

१३ मार्च
टबात अख्खी बाटली ओतली. पाय बुडवला आणि ब्रह्मांड आठवलं. शेजारीपाजारी धावत आले. पण जेल उघडलं. सगळंच्या सगळं अँटिबायोटिक सुटलं. टबात.

१४ मार्च, हॉस्पिटल
सर्जन म्हणाले, आठवडाभर आधी आला असतात तर गोळ्यांवर भागलं असतं. अंगठा काढला. ही दिवसभर बाहेर बाकावर बसून होती, आत आल्यावर पायावरचं पांघरूण सारखं केलं आणि परत बाकावर जाऊन बसली. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

२० मार्च
समितीपुढे मीटरबाई उभ्या राहिल्या. मी मागे, व्हीलचेअरवर. बाईंनी व्हिनेगरच्या दिवशीचं टबातलं पाणी हिच्याकडून बाटलीत भरून नेलं होतं, औषध मोजून जेल चालतं हे सिद्ध केलं. टाळ्या. अंगठा का गेला, याला एकच ओळ: रुग्णाने स्वतःच्या मनाने उपचार केले. पुढच्या वेळी काय काळजी घ्याल, असं समितीने विचारलं. बाई म्हणाल्या, रुग्ण म्हणून शास्त्रज्ञ घेणार नाही. सगळे हसले.

नंतर पेपरचा मसुदा सहीसाठी माझ्याकडे आला. लेखकांत बाई पहिल्या, डायरेक्टर दुसरे. माझं नाव शेवटच्या पानावर सापडलं, 'रुग्णाची संमती' याच्यापुढे. सही केली.