रोज एक पान निलमताईंना

३ डिसेंबर, मंगळवार
आज डहाणूच्या किनाऱ्यावरच्या या घरात कामाला लागले. ऐसपैस ओटा, समोर समुद्र आणि सगळीकडे सुक्या मासळीचा वास. आम्ही वेवजीची, डोंगराकडची माणसं, होईल सवय. जिजामावशींना विसरण्याचा आजार आहे. दिवसभरात पाच वेळा विचारलं, "कोन गो तू?" पाचही वेळा 'वर्षा' हे नाव त्यांना फार आवडलं. त्यांच्या लेकीच्या, निलमताईंच्या, आईवरच्या कविता दर रविवारी फोनवर येतात. त्या वाचून मी रडले होते, म्हणून तर हे काम घेतलं. ताई वापीला असतात. वही त्यांनीच दिली. मावशींबद्दल रोज एक पान लिहायचं, फोटो काढून पाठवायचं.

५ डिसेंबर
मावशींचे हात काही विसरलेले नाहीत. दोन बोंबील घ्यायचे, जबड्यात जबडा अडकवायचा, बांबूवर टाकायचे. माझे सगळे वाळूत. मावशी पोट धरधरून हसल्या. म्हणाल्या, डोंगरातल्या पोरीला भात लावण्यापलीकडे काय येणार! पान पाठवलं.

८ डिसेंबर, रविवार
ताईंची बोंबलांवरची कविता आली. शब्द बरेचसे माझेच. खोटं कशाला बोलू, छाती फुगली.

९ डिसेंबर
मावशी बोंबील हातात धरून बसून राहिल्या. हे काय हाय, म्हणून मलाच विचारत होत्या. आजार वाढला असेल.

१६ डिसेंबर
गेल्या आठवड्यात मी मावशींच्या नवऱ्याच्या होडीबद्दल लिहिलं. काल होडीवर कविता आली. आज मावशींना नवराच आठवत नाही. मला भीती वाटते. त्यांच्याबद्दल आता एक अक्षर पाठवणार नाही. पण ताई पान मागतात, तर माझ्या आईबद्दलच लिहिते. नाव रूपी. कपाळावर गोंदलेली तीन टिंबं. वेवजीच्या बांधावरून 'वर्षे' अशी लांबलचक हाक मारते. ती धडधाकट आहे, तिचं काय जाणार?

१९ डिसेंबर
फोनवर विचारलंच, तुमची कविता आली की मावशी तेवढंच कसं विसरतात? निलम हसली. पहिल्या कवितेपासून माहीत आहे म्हणाली. आई विसरणारच होती, निदान वाया तरी गेलं नाही. वर तुझ्या आईचं पान फार छान उतरलंय म्हणे. हिने केसाने गळा कापला माझा. मी विश्वासाने लिहीत गेले आणि ही— ते पान वापरू नका म्हणून विनवलं. फोन ठेवला तिने. निघून गेले असते, पण मावशींना कोण बघणार?

२२ डिसेंबर, रविवार
कविता आली. तीन टिंबं, बांधावरची हाक. खाली नाव निलमचं. लोक लिहितात, काय ही लेकीची माया—

२३ डिसेंबर
सोळा तारखेचं पान पुन्हा पुन्हा वाचतेय. अक्षर माझंच. रूपी माझी आई, असं लिहिलंय. चेहरा समोर येत नाही. आवाजही—

२४ डिसेंबर
दुपारी एक म्हातारी आली. वेवजीहून. तिने मला पोटाशी धरलं. मी विचारलं, कोण पाहिजे तुम्हाला? ती रडायला लागली. कपाळावर तीन टिंबं— वहीशी जुळतात. पण मला काहीच—

मावशी ओट्यावरून माझ्यावर ओरडल्या, "अगो, तुझे आईला पानी तरी दे!"

पाणी आणलं. तिच्यापुढे धरलं. तिला काय म्हणून हाक मारायची, ते—